घरी जायचं राहून गेलं

अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या सॉल्टर्स पॉइंटला जन्मलेली, तिथंच वाढलेली आणि कधीतरी तिथंच पुरली जाणारी माणसं इंग्लंडला 'घर' म्हणायची. 'घरून जहाज आलं.' 'घरी यंदा गहू बरा आहे म्हणतात.' 'राजेसाहेबांना घरी पुन्हा मुलगा झाला.' बोलणाऱ्यानं इंग्लंड डोळ्यांनी पाहिलेलं असायचं असं मुळीच नाही. निम्म्या लोकांनी बॉस्टनसुद्धा धड पाहिलं नव्हतं, आणि ते तर घोड्यावरून दिवसाभराच्या अंतरावर. पण जीभ तशी वळली होती. हसायचं कुणाला सुचत नव्हतं, कारण हसणाराही तेच बोलायचा.

केझाया डॉगेटनं तर या बाबतीत कहरच केला होता. इकडचं सफरचंद दाताखाली आलं की म्हणायची, "गोड आहे, पण घरच्यासारखं नाही." घरचं सफरचंद तिनं चाखलंय कधी? छे! तिचा बाप मिसरूड फुटायच्या आत डेव्हन सोडून जहाजावर चढला आणि इकडं उतरला, तेवढंच काय ते तिचं इंग्लंड. आई तिच्या बाळंतपणातच गेली. मावशी नाही, मामा नाही. माहेर म्हणावं असं पोरीला काही नव्हतं, म्हणून बापानं रोज संध्याकाळी सांगितलेली ती डेव्हनमधली लाल मातीची गल्लीच तिचं माहेर झाली. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचं कुंपण, मध्ये एक बैलगाडी जेमतेम जाईल एवढी वाट, आणि एप्रिल लागला की दोन सुरांत ओरडणारा तिकडचा कोकीळ. आमच्याकडं कुठला कोकीळ? समुद्रपक्ष्यांचा कलकलाट, नाहीतर कावळे. तो पक्षी एकदा कानांनी ऐकावा, एवढीच केझायाची आयुष्यात हौस. बाकी ती मोठी व्यवहारी बाई होती. तिच्या परसात कोबीचा गड्डा चोरायची कुणाची छाती नव्हती.

असाहेल डॉगेटनं मागणी घातली तेव्हा तिनं आधी तेच विचारलं.

"घरी न्याल मला कधी?"

"नेईन की," असाहेल म्हणाला. तो लाकडी पिंपं बनवायचा. मासे भरायची, काकवी भरायची, रम भरायची. "जहाजवाल्यांशी माझी ओळख आहे. दोन पिंपांच्या मध्ये बसवून नेईन."

लग्न झालं, आणि असाहेलच्या गळ्यात डुकरं पडली. आमच्याकडं ही जुनी थट्टा आहे. मार्चमध्ये गावसभा भरते, गावचे सगळे कारभारी हात वर करून निवडले जातात, आणि त्या साली ज्याचं लग्न झालं असेल त्याला डुकरांचा कारभारी करतात. मोकाट डुकरांच्या नाकात कडी आहे का बघायचं, नसेल तर डुकराला पकडून मालकाला जाब विचारायचा. नवरदेव चिखलात लोळतो आणि गाव वर्षभर हसतं. बाकीचे नवरदेव एक वर्ष कसंबसं काढून सुटायचे. असाहेलनं मात्र ते काम मनावर घेतलं. पहिल्याच आठवड्यात त्यानं खुद्द सभाध्यक्ष एलिफलेट ग्रीनलीफची डुकरीण धरून आणली.

"अरे, माझीच?" ग्रीनलीफ म्हणाला.

"तुमचाही हात वर होता मला निवडताना," असाहेल म्हणाला. "मी पाहिला होता."

पुढच्या मार्चला लोकांनी त्यालाच निवडलं, त्याच्या पुढच्याही. गावात त्याला डुकरांचा डॉगेट म्हणू लागले आणि केझायाला त्याची लाज वाटायची. ती एकदा चिडून म्हणाली, "माणूस चर्चचा कारभारी होतो, रस्त्यांचा होतो. तुम्हाला डुकरंच मिळाली."

"अगं, पण विचारून दिलीत," तो म्हणाला. "ह्या गावात डुकरामागं पळायला माणूस लावायचा तरी सगळ्यांना बसवून विचारतात. लहान गोष्ट आहे का ही?"

केझायाला ती लहानच वाटली. तिचे डोळे समुद्राकडं होते. लोइस झाली, एकुलती एक. असाहेलचं 'नेईन की' वर्षावर्षानं पुढं गेलं, पण केझाया पोरीला मांडीवर घेऊन तीच लाल मातीची गल्ली सांगत राहिली.

मग घरून कर यायला लागले. आधी कागदावर. दस्त असो, वर्तमानपत्र असो, पत्त्यांचा जोड असो, त्यावर घरचा शिक्का हवा. तो आरडाओरडा करून घालवला, तर काचेवर आला, रंगावर आला, चहावर आला. गावात कपाळमोक्ष झाल्यासारखी चर्चा. केझायाला ह्या चर्चेचा उबग यायचा. चहात चार थेंब कडूपणा आला म्हणून कुणी आईला शिव्या देतं का? आणि मनातून तिची खात्री होती की घरच्या लोकांना हे माहीतच नसणार. मधले लोक चोर असतात. राजेसाहेबांच्या कानावर गेलं की ते त्या पार्लमेंटवाल्यांचे कान उपटतील.

"मग सांगा की त्यांना नीट," ती म्हणायची. "घरच्यांशी बोलायचं सोडून अंगणात दंगा कशाला?"

सांगितलं. अर्ज गेले, आर्जवं गेली, राजेसाहेबांना आयुष्य चिंतून गेली. पार्लमेंटनं ती वाचून घ्यायलाच नकार दिला, असं उलट टपालानं कळलं. तरी केझायानं चहा सोडला नाही. शेजारणी रास्पबेरीचा पाला उकळून पीत होत्या आणि तोंड वाकडं न करण्याची पराकाष्ठा करत होत्या. ही मात्र कपाटाआड उभी राहून घरचा चहा प्यायची.

अशात लोइसला मागणी आली ती पेलिंगची. बंदरावरच्या जकातीच्या कचेरीत घरून नेमून आलेला कारकून, आणि डेव्हनचा. केझायाला आकाश ठेंगणं झालं. गावानं नाकं मुरडली, असाहेल आठवडाभर नीट जेवला नाही, पण लोइसचा जीव त्याच्यावर जडला होता आणि माणूस खरंच सज्जन होता. लग्नानंतर जावईबापूंना पहिलं जेवण केझायानं घातलं. आदल्या दिवसापासून चूल पेटती ठेवली. मातीच्या मडक्यात शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या घेवड्याचे दाणे, वर डुकराच्या मांसाचा तुकडा. आणि शेवटी तिचं पुडिंग. मक्याचं पीठ, दूध आणि काकवी, मंद आचेवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत. बापानं शिकवलेलं.

"खास तुमच्यासाठी," ती म्हणाली. "घरी करतात तस्सं."

पेलिंगनं एक घास घेतला. मग दुसरा घेतला, कारण वळण चांगलं होतं. "फार छान आहे, सासूबाई. काय आहे हे?"

"अहो, पुडिंग. घरचं."

"घरचं?" तो हसला. कुजकं नाही, मोकळंच हसला. "आमच्याकडं मका डुकरंसुद्धा नाक मुरडून खातात. हे इथलंच असणार."

केझायाचा हात वाडग्यावरच राहिला. बाप इथं उपाशी उतरला होता, त्याला इथल्याच कुणी हे पुडिंग शिकवलं असणार, आणि त्याची त्यालाच सरमिसळ झाली असणार. एवढी साधी गोष्ट तिला इतक्या वर्षांत सुचली नव्हती. असाहेलला बायकोचा चेहरा बघवेना. त्यानं जावयाला कराच्या विषयावर ओढलं. पार्लमेंटात आमच्यासाठी हात वर करणारा कोण आहे, ते एकदा दाखव म्हणाला.

"सगळेच आहेत," पेलिंग म्हणाला. "बाप घरातल्या लेकरांचं बघतो, तसं पार्लमेंट तुमचं बघतं. लेकरांना विचारून कुणी स्वयंपाक करतं का?"

"माझे गुडघे दुखतात," असाहेल म्हणाला. "अर्धे दात पडलेत. लेकरू कधीपर्यंत म्हणायचं मला?"

लोइस हसली. पेलिंगही हसला. केझाया मात्र मध्येच बोलली. "आपण सगळे एकाच घरचे आहोत. भांडू नका."

"तसं नाही, सासूबाई," जावई समजावत म्हणाला, अगदी प्रेमानं. "घर आमचं. वसाहतही आमची. तुम्ही आमचे वसाहतवाले. आम्ही तुम्हाला जपतोच की."

तो वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. वाईट माणसाचं बोलणं झटकून टाकता येतं. हा तर जे सगळ्या इंग्लंडला ठाऊक होतं तेच बोलला, आणि बोलून पुडिंग संपवलं. केझाया भांडी घासताना रडली. लोइसला म्हणाली, धूर गेला डोळ्यांत.

पुढं बॉस्टनवाल्यांनी चहाच्या पेट्या समुद्रात टाकल्या, ते सगळ्या जगाला माहीत आहे. त्यावर घरून जी शिक्षा आली त्यात बॉस्टनचं बंदर बंद झालं, पलटणी आल्या, आणि आमच्या लोकांना सगळ्यांत झोंबलं ते शेवटचं कलम. गव्हर्नरच्या परवानगीवाचून नवी गावसभा बोलवायची नाही.

असाहेलनं दोन दिवस कामाला हात लावला नाही. डुकरांचा कारभारीसुद्धा आता गव्हर्नरला विचारून! पण ग्रीनलीफ पक्का होता. तो म्हणाला, "नवी सभा बोलवायची नाही ना? मग जुनी संपवायचीच नाही. मार्चची सभा तहकूब आहे. उद्यापर्यंत तहकूब. उद्या परत उद्यापर्यंत."

गाव खूश झालं. मग कुणीतरी शंका काढली की सभाघर ओस पडलं तर सभा आपोआप संपली असं गव्हर्नरचे वकील म्हणणार नाहीत कशावरून? कायदा कुणालाच ठाऊक नव्हता. दुसऱ्या गावांनी सभा तहकूब ठेवल्या आणि तिथले लोक खुशाल घरी जाऊन जेवले. आमच्या शहाण्यांनी पाळ्या लावल्या. दिवसा कुणीतरी एकानं सभाघरात बसायचं, सभा जिवंत ठेवायला. थंडी सुरू झाली. सभाघरात चूल नाही, शेगडी नाही, फटींतून समुद्राचा वारा. पाळीवाले कारणं सांगू लागले. बसला तो असाहेल. पिंपाच्या फळ्या मांडीवर घेऊन तासत बसायचा. केझाया पाय शेकायची शेगडी घेऊन जायची आणि शिव्या घालून ठेवून यायची.

"कुणाची राखण करताय हो? बाकांची?"

"सभेची."

"सभा दिसत नाही कुठं."

"मी आहे ना," असाहेल म्हणाला आणि खोकला.

तो खोकला वाढतच गेला. त्याच दिवसांत जकातीच्या कचेरीवर दगड पडले. पेलिंगला घरी परत बोलावणं आलं. लोइस आईकडं धावत आली. पोटुशी होती.

"आई, चल आमच्याबरोबर. कॅप्टन ओबेडच्या जहाजात तुझ्यापुरती जागा केलीय. डेव्हनलाच जातोय आपण. तुझ्या डेव्हनला."

केझायानं जन्मभर जे मागितलं ते पोरगी पदरात घालत होती, आणि तेसुद्धा लेकीच्या बाळंतपणासकट. आतल्या खोलीत असाहेल खोकत होता. त्यानं ऐकलं होतं.

"जा," तो आतूनच म्हणाला. "मी नेईन म्हणालो होतो. माझ्याकडून झालं नाही. तू जा."

"तुम्ही गप्प पडा," ती म्हणाली. मग लोइसला म्हणाली, "हे उठून बसू देत. उन्हाळ्यात येते. उन्हाळ्यात नक्की."

"तोवर बाळ झालेलं असेल, आई."

"मग बाळाला बघायला येते."

धक्क्यावर लोइस तिला बिलगली ती सुटेना. पेलिंगनं हळूच तिचे हात सोडवले. केझायानं पोरीला घेवड्याचे दाणे आणि मक्याच्या पिठाची पिशवी दिली होती. पेलिंग त्यावर काही बोलला नाही, हे तिनं मनात त्याच्या बाजूनं धरलं.

असाहेल उठून बसला, पण उन्हाळा आला तो लढाई घेऊन. बॉस्टनभोवती बंदुका धडाडल्या, समुद्रावर राजाची गलबतं फिरू लागली. घराकडं जाणारं जहाज म्हणून राहिलं नाही. केझाया रोज धक्क्यावर जायची. तिथं काही नसायचं, तरी जायची. हातांना लोइसच्या पाठीची सवय होती, ती जात नव्हती. कॅप्टन ओबेड खालच्या, साखरेच्या बेटांमधून फिरून आला तेव्हा त्यानं तिथं भेटलेल्या एका इंग्रज खलाशाकडून लोइसचा तोंडी निरोप आणला. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत.

"आणखी काय म्हणाली?"

"म्हणाली, कोकीळ ऐकला. साधा पक्षी आहे, आईला सांगा." ओबेड म्हणाला. "आणि तिथं तिला लोक 'ती अमेरिकन बाई' म्हणतात. मक्याचं पीठ कुठं मिळत नाही म्हणून रडली, असं मला त्या खलाशानं सांगितलं. गोष्टी मिटल्या की येणार आहे. तेवढं दहादा सांगायला सांगितलंय."

गोष्टी मिटल्या की! केझाया तेवढ्या शब्दांवर दिवस काढू लागली. भांडणं घराघरांत होतात. बाप पोराला मारतो, पोरगं परसात जाऊन बसतं, संध्याकाळी जेवायला येतंच. पण राजेसाहेबांनी आम्हाला बंडखोर ठरवलं. वरच्या किनाऱ्यावरचं एक अख्खं गाव तोफा डागून जाळलं, थंडीच्या तोंडावर. आणि आमच्यावर सोडायला जर्मन शिपाई भाड्यानं घेतले. परसात बसलेल्या पोरावर घालायला कुणी भाड्याचे मारेकरी आणतं का? असं कुणी विचारलं की केझाया आणखी चिडायची.

मे महिन्यात प्रांताच्या सभेनं गावोगाव प्रश्न पाठवला. राजाशी नातं कायमचं तोडायचं ठरलं, तर तुमचं गाव जीव आणि मालमत्तेसकट पाठीशी उभं राहील का? प्रत्येक गावानं सभा भरवून सांगावं.

केझाया असाहेलच्या कामाच्या पडवीत गेली. तो पिंपावर लोखंडी कडं ठोकत होता.

"आजवर तुमच्याकडं काही मागितलं नाही."

"एक मागितलं होतंस."

"ते जाऊ द्या. हे ऐका. भांडायचं तेवढं भांडा. तोडू नका. तोडलंत तर लोइस परक्या मुलखातली झाली. शत्रूची बायको. कुणी येऊ देईल तिला ह्या धक्क्यावर?"

असाहेलनं हातोडी खाली ठेवली नाही, पण ठोकणंही थांबलं. "मला काय तिचं काहीच वाटत नाही, असं वाटतं का तुला?"

"हात वर करू नका."

तो पुन्हा कडं ठोकू लागला. सभेच्या दिवसापर्यंत दोघं त्यावर बोलले नाहीत. जेवताना मीठ मागायचं तेवढं मागितलं.

सभाघर त्या दिवशी खच्चून भरलं. बायका वरच्या सज्जात, पुरुष खाली. ग्रीनलीफनं प्रश्न वाचला. आवाज त्याचाही कापला, कारण त्याचाही एक भाऊ तिकडं होता. "बाजूनं असतील त्यांनी हात वर करावेत."

हात वर झाले. काही झपकन, काही आजूबाजूला बघून. केझाया सज्जाच्या कठड्याला धरून एकच माणूस बघत होती. असाहेलचे हात मांडीवर होते. तिला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची कीव आली.

लोक वळून बघायला लागले. अख्खी थंडी जो ह्या बाकावर एकटा बसला, त्याचा हात खाली?

"असाहेल," ग्रीनलीफ म्हणाला, "तुझं काय?"

असाहेल उठला. टोपी काढली. ग्रीनलीफकडं न बघता तो पाठमोरा झाला आणि मान वर करून त्यानं सज्जाकडं बघितलं.

"आमच्या घरात दोन माणसं आहेत," तो म्हणाला. "ह्यात दोघांचंही जाणार आहे. विचारलंय एकालाच."

खाली कुजबुज झाली. "असाहेल, बायकांना मत नाही," ग्रीनलीफ म्हणाला. "तुझी बायको तुझ्यातच धरलेली आहे."

"हेच माझा जावई मला सांगत होता, पार्लमेंटबद्दल," असाहेल म्हणाला. कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. "मी मत मागत नाही. मी विचारतोय. केझाया, मी हात वर केला तर लोइस तिकडची झाली. नातही. तू म्हणालीस तर हात खालीच राहील, आणि गाव मला काय म्हणेल ते म्हणू दे. तू सांग."

केझायाला त्याचा असा राग आला की पायातला जोडा काढून फेकावा. चारचौघांत हे ओझं तिच्या डोक्यावर! 'नको' जिभेवर आलेलं होतं, नुसतं तोंड उघडायचं होतं. डोळ्यांसमोर लोइस होती, न पाहिलेलं बाळ होतं. आणि खाली तो उभा होता, विरळ केसांचा, टोपी हातात घेऊन, खरोखरच वाट बघत. जन्मभर तिनं ज्यांना आपलं मानलं, ज्यांचा चहा आडोशाला उभं राहून प्याली, त्यांनी तिला कधी एक शब्द विचारला नव्हता. लेकरांना विचारून कुणी स्वयंपाक करतं का, म्हणाले होते.

"करा वर," ती म्हणाली.

आवाज फुटलाच नाही. खाली असाहेलनं कानामागं हात धरला. "काय म्हणालीस?"

दुसऱ्यांदा म्हणणं पहिल्यापेक्षा फार अवघड होतं.

"हात वर करा म्हणते."

बाकीच्यांचे हात तोवर खाली आले होते. असाहेलचा एकट्याचाच वर गेला, आणि वर असताना तो रडत होता. ग्रीनलीफनं सभा संपल्याचं जाहीर केलं. लोक बाहेर पडले तरी केझाया सज्जाच्या पायरीवर बसून राहिली. असाहेल येऊन खालच्या पायरीवर बसला. तिनं त्याच्या पाठीवर एक गुद्दा मारला आणि मग तिथंच डोकं टेकलं.

असाहेल इंग्लंडशी तह होईपर्यंत जगला नाही. तह झाला आणि समुद्र मोकळा झाला, तेव्हा केझायाचे डोळे अधू झाले होते आणि जहाजात चढायचं बळ उरलं नव्हतं. पेलिंगसारख्यांना परत घ्यायचं नाही असं इकडं ठरलेलं होतं, आणि लोइस नवऱ्याला टाकून येणाऱ्यांतली नव्हती. पहिलं जहाज डेव्हनकडं निघालं तेव्हा म्हातारा कॅप्टन ओबेड स्वतः तिच्या दारात आला.

"लोइसला काही निरोप?"

केझाया म्हणाली, "तिला वाटत असेल, बापानं तोडलं. तसं नाही म्हणावं. त्यानं मला विचारलं होतं. मी हो म्हणाले."

ओबेड दाराशी अडखळला. "हे नको सांगायला, केझायाबाई. पोरगी आहे. तिला दुसरं काहीतरी सांगतो."

"हेच सांगा," ती म्हणाली. "आणि बाळ कसं दिसतं ते नीट बघून या."